सहाव्या आणि सातव्या गाण्याच्या मध्ये

माझी ताई हट्टी आहे, आणि हे मी कौतुकाने सांगतोय असं कुणी समजू नये. छप्पन्न वर्षांची बाई, तीस वर्षं एकाच लाँड्रीत चादरींना इस्त्री करतेय, आणि एक दिवस जेवताना तिने जाहीर केलं, "आम्ही अल्बम काढतोय. पहिला."

आम्ही म्हणजे ती आणि आमची ही. नणंद-भावजयीचं एकमत झालं की आपण मुकाट्याने ताटाकडे बघावं, एवढी अक्कल मला लग्नानंतर आली आहे.

ताई गिटार मांडीवर आडवी ठेवते आणि तारांवरून पितळी नळी सरकवते. गिटार बाबांची. ते ट्रक चालवायचे, आणि लांबच्या माळरानांची, घोड्यांची, मागे राहिलेल्या घराची गाणी वाजवायचे. त्याच सुरांवर आमची ही शब्दांशिवाय गाते, संथ, लांबलचक. एकेक गाणं अकरा मिनिटांचं. पहिलं ऐकून मी विचारलं, "सुरू कधी होणार?" दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

रेकॉर्डिंग रविवारी सकाळी, बंद लाँड्रीत चालायचं. किल्ली ताईकडेच असे. पण महिनाअखेर लाँड्री कायमची बंद होणार होती, यंत्रं विकली गेली होती. आठांपैकी सहा गाणी झालेली, हातात तीन रविवार.

"होणार म्हणजे होणार," ताई म्हणाली. "जन्मभर लोकांच्या चादरी सरळ केल्या. एक गोष्ट तरी माझी पुरी करीन."

मलाही वाटलं, आपण हातभार लावावा. मी यंत्रं दुरुस्त करतो. सगळ्या गाण्यांच्या मागे कपडे वाळवायच्या जुन्या ड्रमची घरघर ऐकू यायची आणि मला ती खुपायची. त्यातल्या पहिल्या रविवारी डबा द्यायला गेलो तर लाँड्रीत कुणी नाही. तार तुटली म्हणून दोघी घरी नवी आणायला गेल्या होत्या, ड्रम तसाच फिरत होता. मी तो बंद केला, सैल पट्टा बदलला, पुलीला ग्रीस दिलं, पुन्हा सुरू केला. आवाजच नाही! स्वतःवर इतका खूश मी क्वचितच झालो असेन.

दोघी आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय केलंस?" ताईने विचारलं.

"दुरुस्त केलं."

"अहो, त्या घरघरीवरच ताई तारा लावतात," ही म्हणाली. "सहाही गाणी त्या आवाजावर उभी आहेत. मुद्दाम लावून ठेवतो आम्ही तो!"

मी घाईघाईने जुना पट्टा परत चढवला. घरघर आली, पण वेगळीच, वरच्या सुराची. पुली मागेपुढे करून पाहिली, पण पहिला आवाज काही परत येईना. ताई टेबलाशी बसून रडली. बाबा गेले त्यानंतर तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मग तिने पदराने नाक पुसलं आणि गिटार मांडीवर घेतली. "तू डबा ठेव आणि जा. अगं, तू ये इकडे. या नव्या घरघरीच्या सुरात तारा लावू. दोनच राहिलीत."

तिसऱ्या रविवारी आठवं गाणं झालं. सोमवारी यंत्रं उचलून नेली.

अल्बम पहिल्यांदा आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात बसून ऐकला. सहावं गाणं संपलं, घरघर चालू राहिली. मग पावलं, खटका, शांतता. पान्याचे ठोके. आणि माझा आवाज, एकट्याचाच, फुशारलेला: "झालं! आता मुळीच त्रास नाही होणार तुम्हाला." त्या दिवशी रेकॉर्डर चालूच राहिला होता.

"हे काढा," मी म्हणालो. कान तापले होते माझे.

"ते राहणार," ताई म्हणाली. तिने अल्बमचं पाकीट माझ्या हातात दिलं. आतल्या यादीत सहाव्या आणि सातव्या गाण्याच्या मध्ये त्या तुकड्यालाही नाव दिलं होतं: 'भाऊ'.