दादऱ्यावरचा गुलाबी डाग

तीन दिवसांचा हिशेब असा: पेट्रोल दोन हजार, विजयदुर्गची खोली चोवीसशे, सुरमईची दोन ताटं सातशे. आणि माझ्या एका वाक्यापायी जामसंड्यात एक बाई दुपारी वेळेवर जेवली नाही. ते सगळ्यात महाग पडलं.

कोल्हापुरात माझी सरबताची दोन दुकानं आहेत. सुरुवात हातगाडीवर झाली. यंदा कोकम दलालाकडून न घेता करणाऱ्याच्या दारातून घ्यायचं ठरवलं आणि मे महिन्यात गाडी काढली. गगनबावड्याचा घाट पहाटेच उतरा. नांदगावला हायवेवर घावणे मिळतात, गरम असतील तरच घ्या. विजयदुर्ग सकाळी आठच्या आत बघा, नंतर दगड पाय भाजतात.

दुसऱ्या दिवशी जामसंडे. घरी कोकम सरबत करणाऱ्या सुनंदाकाकींच्या अंगणात साखर भरलेल्या कोकमांच्या बरण्या उन्हात मांडलेल्या, तोंडाला दादरा, म्हणजे पातळ फडकं बांधलेलं. मी दोनशे बाटल्या घेणार होतो. त्या पैशांत काकी पावसाआधी कौलं बदलणार होत्या. मी एक दादरा सोडला आणि बोटं गुलाबी झाली. साबण लावला. कोकमाचा रंग साबणाने निळसर होतो. हा गुलाबीच राहिला.

"काकी, यात रंग आहे. वीस वर्षं हेच विकतोय, मला कोण फसवणार?"

"माझ्या बरणयेत रंग? नको तर घेव नकात, पण असां बोला नकात!" काकी आत गेल्या. त्यांचं दुपारचं ताट तसंच झाकलेलं राहिलं.

त्यांची पुतणी नेत्रा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करते, सुट्टीवर आली होती. ती दादरा उलटसुलट बघत होती. बरणी कुठल्या दिवशी उन्हात ठेवली, ते काकी लाल स्केचपेनने दादऱ्यावर लिहितात. ओल्या फडक्यावर त्या आकड्यांभोवती गुलाबी आणि पिवळं वलय पसरलं होतं.

तिने टीपकागदाच्या पट्टीवर पेन्सिलची रेघ मारून तीन ठिपके दिले: बरणीतला रस, दादऱ्याचा डाग, स्केचपेन. पट्टीचं टोक मिठाच्या पाण्यात सोडलं. पाणी कागदातून वर चढू लागलं. "जो रंग कागदाला जास्त चिकटतो तो मागे राहतो, जो पाण्यात रमतो तो पुढे जातो. चेकवर मागाहून आकडा वाढवला का, ते बघायलाही शाईचा कणभर ठिपका असाच फोडतो."

पेनचे दोन पट्टे झाले. डागाचेही, त्याच उंचीवर. रस नुसता जांभळट फराटा होऊन पसरला.

"म्हणजे डाग पेनचाच?" मी विचारलं.

"जुळतोय, एवढंच म्हणेन. पण रसात तो रंग नाही, हे नक्की."

मी दाराशी जाऊन माफी मागितली. आतून आवाज आला, "नेत्रा, तेंका विचार, जेवले काय? माका पण वाढ." दोनशे बाटल्या ठरल्या. नवे दादरे काकी दोऱ्याने खुणा घालून शिवणार आहेत.

घरी परतलो तरी ती पट्टी डोक्यातून जाईना. आपण बरोबर खूण ओळखतो आणि माणूस चुकीचा धरतो. दुकानात दलालाची बाटली होती, गिऱ्हाईकांना मी 'अस्सल कोकण' म्हणून पाजतो ती. तिचा थेंब टीपकागदावर ठेवून टोक मिठाच्या पाण्यात सोडलं.

रसासारखा फराटा नाही, पेनसारखा लालभडक, स्वच्छ कडांचा एकच पट्टा सरळ वर चढला. ते सरबत मी दोन वर्षं विकतोय.