एकोणीस दिवस कमी

अलकाताई. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्यात सगळ्यात मोठा हात त्यांचा. त्यांच्याबद्दल मी खूप बोलतो – घरी, मित्रांत, डब्लिनला नव्याने आलेल्या मुलांपुढे. एवढी एक गोष्ट मात्र मी बायकोलाही सांगितलेली नाही.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. उदगीरहून पुण्याच्या औषध कंपनीत लागलो, तेव्हा ईमेलची सुरुवात कशी करायची हेही मला येत नव्हतं. अलकाताई तिथल्या लॅबमध्ये सीनियर होत्या. त्यांनी शिकवलं, चारचौघांत माझं हसं होऊ न देता. पुढे त्या आयर्लंडला आल्या आणि सहा महिन्यांत मलाही त्यांच्याच कंपनीत बोलावून घेतलं. डब्लिनच्या ओंगार भागातल्या त्यांच्या घरातली छोटी खोली चार महिने माझीच होती. भाडं विचारलं तर म्हणाल्या, "भांडी घास."

हे सगळं का सांगतोय? मुद्द्यावर यायला धीर होत नाहीये म्हणून.

वर्षभराने मी दुसऱ्या कंपनीत गेलो. तिथे प्रोबेशनवर असतानाच मॅनेजरला लॅबसाठी अनुभवी माणूस तातडीने हवं होतं. मी छाती फुगवून ताईंचं नाव दिलं. त्यांची निवड झाली. "एक तारखेला नक्की येतील," असं मॅनेजरला मीच सांगून टाकलं होतं.

राजीनामा द्यायच्या आदल्या रविवारी ताईंनी जुन्या कंपनीची पेन्शनची पुस्तिका माझ्यापुढे टाकली. तिथे साठलेली रक्कम त्यांना नव्या कंपनीच्या पेन्शनमध्ये न्यायची होती. "पन्नास पानं! तूच वाच बाबा, तुला हौस आहे," असं म्हणत त्या चहाला लागल्या.

मी वाचलं. नीट वाचलं. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत सोडलं, तर कंपनीने घातलेला वाटा कंपनीकडे परत जातो. आपण भरलेलं तेवढं, तेही कर कापून, हातात मिळतं. मी बोटांवर तारखा मोजल्या. ताईंना एकोणीस दिवस कमी पडत होते.

एकोणीस दिवस – म्हणजे तीन आठवडेसुद्धा नाहीत. मॅनेजरला एक फोन केला असता, तर काय झालं असतं? बहुतेक काहीच नाही. पण दिलेली तारीख बदलून मागायची, तीही प्रोबेशनवर असताना – ते मला नको होतं. मी पुस्तिका मिटली.

"काय रे, काय लिहिलंय? तुरुंगात टाकणारेत का मला?"

"नाही ताई. ग्रँड आहे. सगळं नेता येतं. द्या राजीनामा."

"ग्रँड म्हणे! आयरिश झाला हा," म्हणून त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

हे खोटं. पण तुम्हाला वाटेल, एवढंच? नाही – याहून वाईट पुढे आहे.

दोन महिन्यांनी पेन्शनवाल्यांचं पत्र आलं, तेव्हा ताईंनी मला फोन केला. मी कान बंद करून घ्यावेत तसा फोन कानापासून लांब धरला होता. त्या म्हणाल्या, "अरे, मीच गाढव. तुला चुकीची पुस्तिका दिली असणार मी."

आणि मी म्हणालो, "असेल."

या एका शब्दाचं काय करू? पैसे मी कधीच भरून देऊ शकलो असतो. पण मग का देतोय, ते सांगावं लागलं असतं.

त्यानंतर ताई बदलल्या. पुण्यात अख्खी लॅब चालवलेली बाई – आता पार्किंगच्या फॉर्मचासुद्धा फोटो मला पाठवते. "बघून घे रे, माझा भरवसा नाही." दिवाळीच्या जेवणात नव्या मुलांना माझ्यासमोर उभं करतात. "सही करण्याआधी याला विचारा. मी नाही विचारलं धड, आणि फसले." सगळे हसतात. मीही हसतो. चार वर्षं हसतोय.

गेल्या रविवारी मी डब्लिनबाहेर, नास गावातल्या त्यांच्या नव्या घरी गेलो होतो. कंपनीने त्यांना लॅबची प्रमुख व्हायला विचारलंय. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. त्या नाही म्हणणार आहेत. "बजेट, करार, रोज वीस सह्या – नको रे. मला कागद कळत नाहीत, हे कळलंय मला."

मी तिथेच, समोरासमोर बोलायला हवं होतं. नाही बोललो. घरी येऊन हाताने लिहिलं, कारण व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, तर त्यांनी वाचायच्या आत मी ते पुसून टाकलं असतं – मला मी माहीत आहे. सोमवारी सकाळी पत्र पेटीत टाकलं. ते असं –

"ताई, पुस्तिका बरोबरच होती. दोन वर्षांचा नियम मी तुमच्या ओट्याशेजारी बसून वाचला, दिवस मोजले आणि तुम्हाला खोटं सांगितलं. मॅनेजरला दिलेली तारीख मोडायला घाबरलो होतो. फोनवर तुम्ही दोष स्वतःवर घेतलात, तो मी घेऊ दिला, आणि चार वर्षं तुमच्यावरच राहू दिला. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नव्हतं. शुक्रवारचं उत्तर तुमचं तुम्ही ठरवा. मला विचारू नका.

दत्ता"