मागच्या आळीची वाट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरात तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

शीळफाट्याच्या अलीकडे आमचं गाव. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा गावच्या मोकळ्या जागेवर टपाल कचेरी बांधायचं निघालं. जागा राज्याची, इमारत केंद्राची. म्हणून आधी राज्याचा होकार हवा. तो देण्यापूर्वी गावाचं म्हणणं ऐकायला एक साहेब गावदेवीच्या देवळात आले. गावाने मला त्यांच्या शेजारी खुर्ची दिली. कॉलेजात गेलेली मी पहिलीच — वडीलही खाली सतरंजीवर, आणि मी वर.

कचेरी सगळ्यांना हवी होती. मागणी एकच — मागच्या आळीची वाट त्या जागेतून जाते, तेवढी सोडा. ते मी बोलायचं, असं ठरलं होतं.

साहेबांनी विचारलं, कुठे शिकतेस? मी कल्याणचं कॉलेज सांगितलं. "वा! मग तूच सांग. मागच्या लोकांना दुसरा रस्ता आहे ना?"

किती सोपं होतं, नाही म्हणणं! पण त्यांना 'आहे' ऐकायचं होतं. आणि मला — काय सांगू — तो 'वा' आणखी एकदा हवा होता.

"आहे, सर."

खुर्चीवरच्या माणसाला भर सभेत खोटं पाडायचं नाही, ही आमची रीत. उठली ती एकटी माझी आत्या. तिचं घर त्याच आळीत. "नाय ओ साहेब! नाल्याचा काठ हाय, त्याला रस्ता बोलतात काय? तुमी चालून दाखवा, मी चाय पाजते!" सगळे हसले. साहेबही. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही तर आहे म्हणते."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. 'खोटं बोलते' म्हणायला काय लागलं असतं तिला?

"तिला काय ठावं," ती म्हणाली. "पोर अभ्यासात असते." आणि खाली बसली. आपली वाट जाते आहे हे कळून बसली. एवढं मोठं मन मी दुसरं पाहिलेलं नाही.

साहेबांनी माझंच म्हणणं लिहून नेलं, आणि राज्याचा होकार मिळाला. कचेरी झाली, चांगली आहे. तिच्या कुंपणाबाहेरून, नाल्याच्या काठाने आत्या हंडा घेऊन येते. भेटली की विचारते, "जेवलीस काय गो?"

गावाला अजून वाटतं, मला माहीत नव्हतं. माहीत होतं. लहानपणी आत्याकडे जाताना मी त्याच काठावरून नाल्यात पडले होते — आणि तिनेच मला वर काढलं होतं.