न उडणारा फ्यूज

त्या इलेक्ट्रिशियनचं नाव मला ठाऊक नाही, पण तो आठवला की आजही डोकं फिरतं. मयूर विहारच्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही पहिला एसी घेतला आणि फ्यूज सारखा उडू लागला. तो वायर दातांनी सोलत आला. मी बजावलं, भिंतीतली वायर दिव्या-पंख्यापुरतीच आहे, एसीला जाड वायर टाका. ऐकतो कसला! त्याने फ्यूजमध्येच जाड तार पिळली आणि वर टिचकी मारली.

"अब कभी नहीं उड़ेगा, भाभीजी!"

अरे, वायर तापली की उडायलाच तर फ्यूज असतो!

आठवड्यात भिंतीतली वायर जळाली, मुलांच्या खोलीत धूर कोंडला. मी त्याला काळी भिंत दाखवली. त्याने फ्यूज काढला, शर्टाला पुसला आणि अभिमानाने माझ्यासमोर धरला.

"देखिए, बिल्कुल सही-सलामत!"