नाही न म्हणता

समिधाची नोकरी जाणार, ही धास्ती मंगलाच्या मनातून काही केल्या हलत नव्हती. गंमत अशी, की इतकी वर्षं तिला काळजी होती ती नोकरी टिकल्याची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीला लागून असलेल्या रसायनांच्या कारखान्यात पोरगी सुरक्षा अधिकारी म्हणून लागली, तेव्हापासून देवापुढे दिवा लावताना मंगला एकच मागत आली होती, हिला तिथून सोडव. आता सुटायची वेळ आली, तर त्याच दिव्यापुढे ती नोकरी टिकू दे म्हणत होती.

समिधा लहानपणापासूनच अशी. शाळेत नुकतीच जायला लागली होती, तेव्हा एकदा तापाने फणफणली.

"आई, मी बरी कधी होणार?"

"ताप गेला की."

"म्हणजे बरं असणं म्हणजे ताप नसणं?"

मंगला मराठी घेऊन बी.ए. झालेली. तरी ती एवढंच म्हणाली, "हो, तेच." पोरगी मात्र विचार करत पडून राहिली असावी. ताप उतरल्यावर अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "सांगू? बरं म्हणजे पेज प्यावीशी वाटते." पालघरजवळच्या माहीमला त्यांच्या आळीत असं एकही घर उरलं नाही जिथे मंगलाने हे जाऊन सांगितलं नाही.

तीच खोड पुढे कारखान्यात उपयोगी पडली. पहिल्याच प्रशिक्षणात समिधाने कामगारांना विचारलं, सुरक्षित म्हणजे काय? सगळे एका सुरात म्हणाले, धोका नाही ते. मग धोका म्हणजे? सुरक्षित नाही ते. त्या संध्याकाळी घरी येऊन ती हसत म्हणाली, "आई, मीसुद्धा व्याख्या करून पाहिली. बसमध्ये पालघरपर्यंत डोकं खाजवलं. गोल गोल फिरून तिथंच येते मी. मग म्हटलं, शब्द राहू दे. डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, ते सांगायला लावायचं."

आणि तिने नियम केला. पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याकडे काम सोपवायचं ते 'नाही' हा शब्द न उच्चारता. 'मशीन चालू नाही' असं म्हणायचं नाही. बटणाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या खिशात आहे, असं सांगायचं. 'गळती नाही' म्हणण्याऐवजी, नळीच्या जोडावर कागद फिरवला, तो कोरडा आला, असं.

कामगारांनी तिची भरपूर थट्टा केली. मनोरकडचा जिवल्या त्यात पुढे. दुपारी त्याचा जोडीदार कमलेश मुद्दाम तिच्यासमोर विचारायचा, "जिवल्या, जेवलास का?"

"पोट रिकामा हाय."

"रिकामं म्हणजे काय रे?" समिधा मध्येच पकडायची.

जिवल्या पोटावर हात ठेवून गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "गुरगुरता हाय, बाय."

हसता हसता ती भाषा तिथे रुजली. मंगला हे किस्से ऐकायची, हसायची आणि तरीही दिव्यापुढे मागणं मागायची ते मागायचीच.

मग ती टाकीची भानगड झाली. एक मोठी टाकी धुऊन ठेवली होती आणि आतून दुरुस्तीसाठी जिवल्या नि कमलेशला उतरवायचं होतं. ठेकेदाराचा माणूस भगवंत परवान्यावर समिधाची सही घ्यायला आला.

"आत काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. धुतलीय ना."

"काही नाही ते ऐकलं. काय आहे?"

"हवा. अजून काय असणार?"

"मोजली?"

हवेतला प्राणवायू मोजायचा मीटर बंद पडून स्टोअरमध्ये पडला होता. समिधाने सही केली नाही. शेजारच्या कारखान्यातून दुसरा मीटर मागवेपर्यंत काम थांबलं, माल वेळेवर निघाला नाही, साहेब चिडले. मीटर आला, हवा मोजली, ती उत्तम निघाली. बघा, काही नव्हतंच, असं म्हणत भगवंत कारखानाभर फिरला. विनाकारण काम अडवल्याची चूक लिहून दे, असं साहेबांनी समिधाला सांगितलं आणि देईपर्यंत घरी बसायला लावलं.

मंगलाचा चुलत भाऊ प्रताप त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. समिधाला तिथे त्यानेच चिकटवली होती. त्याचा फोन आला.

"ताई, दोन ओळी लिहून दे म्हणावं. माझंपण नाव खराब होतंय."

"अरे, ती उद्धट नाही. हट्टीपण नाही. कुणाचं वाईट चिंतणारी तर मुळीच नाही."

"नाय नाय काय सांगतेस? मग हाय तरी कशी तुझी पोर?"

गॅसवर भाजी आहे म्हणून तिने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी समिधा मागच्या दारी पायरीवर वाल सोलत बसली होती. मंगला तिच्याशेजारी टेकली.

"देऊन टाक ना लिहून. चूक झाली म्हणून."

"चूक म्हणजे?"

"म्हणजे..." मंगला अडखळली. "बरोबर नव्हतं ते."

समिधा हसली. "मी लिहून दिलंय आई. टाकी धुतली होती, मीटर बंद होता, दुसरा आणला, हवा मोजली, मग माणसं उतरली. यातली चूक कुठली तेवढ्यावर बोट ठेवा, म्हटलं. भगवंतदादांचं बोलणं खरंही निघालं असेल. पण 'काही नाही' म्हणायला आत बघावं लागत नाही गं. 'आहे' म्हणायला बघावं लागतं."

इतक्यात तिचा फोन वाजला. हात वालाने चिकट झालेले, म्हणून तिने बोटाच्या पेराने स्पीकर लावला. जिवल्या होता.

"बाय, दुसऱ्या टाकीत उतरायचा हाय. झाकण उघडा हाय. नळी सोडवून बाजूला ठेवली हाय. मीटर आता दुरुस्त हाय, मी सोता बघला, प्राणवायू बाहेरच्यासारखा एकवीस टक्क्याला टिकून हाय."

"मला घरी बसवलंय जिवल्या. सही कोणाची?"

"बदली सायबाची. त्यांनी विचारला पन नाय." तो थांबला. "चुकला. त्यांनी नुसती सही केली. म्हनून तुला सांगतो."

"वर कोण थांबलंय?"

"कमलेश. दोरी त्याच्या हातात हाय."

"मग उतर. वर आलास की फोन कर."

समिधा पुन्हा वाल सोलायला लागली, जणू काही विशेष घडलंच नव्हतं. मंगला मात्र त्या फोनकडे बघत राहिली. तिकडे एक माणूस अंधाऱ्या टाकीत पाय टाकण्याआधी एकेक गोष्ट पाहून घेत होता, आणि ते त्याला तिच्या पोरीने शिकवलं होतं. समिधा तिथे असो नसो, तो आता पाहूनच उतरणार होता. आपली पोर कशी आहे, ते तिला आता सांगता आलं असतं. ती पाहते, आणि पाहिलं ते सांगते.

फोन पुन्हा वाजेपर्यंत दोघी तिथेच बसून राहिल्या. जिवल्या वर आला होता.

मंगला उठून आत आली. पोरीला समजवायचं तिने सोडून दिलं होतं. समजवायचं होतं ते प्रतापला. बंद मीटर त्याच्याच स्टोअरमध्ये होता, त्याने तो डोळ्यांनी पाहिला होता, आणि साहेबांसमोर तो अजून त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. तेवढं पाहिलेलं त्याने उद्या जाऊन सांगावं, नाव खराब झालं तर होऊ दे. भाऊ रागावेल, दिवाळीला येणार नाही कदाचित. तिने पदराला हात पुसले आणि प्रतापचा नंबर लावला.