पाणी लागणारी गन

पहिली मशीनगन कोणती घ्यावी यासाठी मी तक्ता केला होता. फ्रीज घेताना केला होता तसाच, डावीकडे मॉडेलं आणि वर रकाने: वजन, सुटे भाग मिळतात का, गोळ्या मिळतात का, कपाटात मावते का. मी अमेरिकेत, चँडलर गावी कॉम्प्युटरच्या चिप तपासण्याच्या विभागात इंजिनियर होतो आणि तक्ता केल्याशिवाय मला मोजेसुद्धा घेता येत नसत. शेवटचा रकाना बायकोने स्वतःच्या हाताने वाढवला. त्यात लिहिलं होतं, 'कशाला?'

नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता आणि ॲरिझोनात हे रीतसर करता येत होतं. नवी मशीनगन खाजगी माणसाला मिळत नसे, पण सरकारदरबारी आधीच नोंदलेली जुनी घेता येई. त्यासाठी फॉर्म, फोटो, दहाही बोटांचे ठसे, गावच्या पोलीसप्रमुखाची सही, आणि मग वॉशिंग्टनहून मंजुरी येईपर्यंत बसून राहायचं. मी नागपुरात रेशनकार्डावर नाव चढवून घेतलेला माणूस होतो. मला यात नवीन काही वाटलं नाही.

बायकोच्या रकान्याचं उत्तर म्हणजे माझे बाबा. ते फौजेत हवालदार होते. त्यांच्या पलटणीच्या बिल्ल्यावरच मशीनगन होती आणि वस्तीत त्यांना 'मशीनगनवाले' म्हणत. त्यांना काही विचारलं तर ते एकच वाक्य सांगत, "आम्ही विकर चालवायचो," आणि पेपर वर धरत. विकर म्हणजे विकर्स, तिपाईवर बसवायची इंग्रजांच्या वेळची जड मशीनगन. फौजेची गोष्ट निघाली की त्यांच्या तोंडी 'मी' कधी यायचा नाही. आमचे हेडमास्तरही स्वतःला 'आम्ही' म्हणत, त्यामुळे मला तो फौजी रुबाब वाटायचा. या गनने बाबांचा डावा कान नेला होता. उजव्याने ते त्यांना हवं तेवढं ऐकत.

आता ते सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. "एकदाच येईन, मग बोलावू नको," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. परतीचं तिकीट त्यांच्याच पाकिटात असे. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वेटर, टॉर्च आणि रक्तदाब मोजायचं यंत्र दिलं होतं. ते सगळं नागपूरच्या घरी खोक्यासकट कपाटावर होतं. मला त्यांना असं काहीतरी द्यायचं होतं जे त्यांना कपाटावर ठेवता येणार नाही. परत जाण्याआधी त्यांनी एकदा, कोणाचा हुकूम नसताना, मशीनगन चालवावी असं मला फार वाटत होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

दुकानदार सत्तरीचा, ढेरपोट्या आणि अतिशय सभ्य होता. त्याने माझा तक्ता चष्मा लावून वाचला आणि पसंतीची मान हलवली. पहिल्यांदा घेणाऱ्याने लहान घ्यावी, ज्याचे सुटे भाग सगळीकडे मिळतात ती घ्यावी, आणि सिनेमात पाहिलेली घेऊ नये, असा त्याचा सल्ला होता. आम्ही दोघं दोन छोट्या गनवर डोकं खाजवत होतो. बाबा पाठीमागे हात बांधून बराकीची तपासणी करावी तसे दुकानात फिरत होते. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी होतं. त्यांनी न विचारता ताडपत्री उचलली.

"हिले पाणी लागते," बाबा म्हणाले.

दुकानदाराने ते काय म्हणाले ते विचारलं. मी भाषांतर केलं. विकर्सच्या नळीभोवती पाण्याचं पिंप असतं, ते भरल्याशिवाय ती तापते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुकानदाराला ठाऊक होतं. तोवर तो माझ्याशी बोलत होता. त्यानंतर तो बाबांशीच बोलू लागला, तेही 'सार्जंट' म्हणून, आणि मी दुभाषा झालो.

घरी जाऊन मी तिचं नाव तक्त्यात घातलं. पाण्यासकट अठरा किलो, तिपाई त्याहून जड. कपाटात सोडा, जिन्याखालीही मावणार नव्हती. सगळ्या रकान्यांत ती शेवटची आली. दुसऱ्या दिवशी मी तीच नक्की केली. बायकोने तक्ता पाहिला, बाबांकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, "आपण बुद्धवंदना म्हणतो त्या खोलीत ठेवायची नाही. गॅरेजमध्ये जागा कर."

फॉर्मवर एक चौकोन होता. हे शस्त्र तुम्हाला का हवं, ते लिहा. लोक तिथे 'संग्रहासाठी' असं लिहून मोकळे होतात, असं दुकानदार म्हणाला. मी नको तिथे सविस्तर लिहिणारा माणूस. मी लिहिलं: माझ्या वडिलांनी ही गन फौजेत चालवली, त्यांना ती पुन्हा एकदा चालवता यावी म्हणून. त्यामुळे पोलीसप्रमुखाने मला बोलावून घेतलं. मी हिंदू का, असं त्याने विचारलं. बौद्ध, म्हणालो. यावर तो खुर्चीत मागे टेकला. बौद्ध लोक मुंगीसुद्धा मारत नाहीत असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. मी म्हणालो, पहिलं शील मला पाठ आहे, पण आम्ही वाळवंटात पाण्याच्या रिकाम्या कॅनवर गोळ्या झाडणार आहोत आणि कॅनबद्दल बुद्धांनी काही सांगितलेलं नाही. त्याने चौकोनातलं वाक्य पुन्हा वाचलं आणि सही केली.

मंजुरी येईपर्यंत गन दुकानातच राहणार होती. दर शनिवारी आम्ही तिला भेटायला जायचो, नातेवाईक दवाखान्यात असावा तसे. बायको दुकानदारासाठी चिवड्याचा डबा द्यायची. बाबा गनला तेल लावायचे, पुसायचे, कापडी पट्ट्याची शिवण बोटाने तपासायचे आणि परत ताडपत्री घालायचे. जाताना दुकानदार विचारायचा, "कागद आला?" मी नाही म्हणायचो. असे चार महिने गेले, मग पाचवा लागला. बाबा बॅग काढून बसले. मी वॉशिंग्टनला फोन केले आणि होल्डवरची गाणी ऐकली. कागद येणार नाही आणि बाबा तसेच जातील, या विचाराने मला जेवण जाईना. बायकोलाही मी उगाच तोडून बोललो. तिकिटाला आठ दिवस उरले असताना मंजुरी आली.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर दुकानदाराने आणि मी तिपाई लावली, गन चढवली, पाणी भरलं. समोर मातीच्या बांधाला कॅन रांगेने ठेवले. बाबांनी कानावरचं संरक्षण फक्त उजव्या बाजूला लावलं. डाव्याला आता काही होण्यासारखं नव्हतं. मी गनच्या मागे घडी करून ब्लँकेट टाकलं आणि म्हणालो, "बाबा, बसा."

ते गनच्या उजव्या बाजूला गेले, जमिनीवर पालथे झाले, पेटीतून गोळ्यांचा पट्टा काढून दोन्ही तळव्यांवर आडवा धरला. आणि वाट पाहू लागले.

"बाबा, तिकडे नाही. इथे. खटका इथे आहे."

"मले माहीत आहे खटका कुठे आहे. ती नंबर एकची जागा आहे."

"मग तुम्ही?"

"नंबर दोन. पट्टा सरळ धरायचा. अडकू द्यायचा नाही. पाणी पाहायचं."

"पण तुम्ही चालवली ना गन?"

"चालवली ना. आम्ही दोघांनी."

मी तिथेच उकिडवा बसलो. चाळीस वर्षांचा होऊनही 'आम्ही' म्हणजे एकापेक्षा जास्त माणसं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांचा कान डावाच का गेला हेही मी कधी विचारलं नव्हतं. शिवाय अमेरिकेच्या सरकारला मी सहीनिशी खोटं लिहून दिलं होतं.

"नंबर एक कोण होता?" मी त्यांच्या उजव्या कानाशी, संरक्षण थोडं उचलून विचारलं.

त्यांनी नाव सांगितलं. भंडाऱ्याकडचा होता. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते. लढाईत, डोंगरावरच्या चौकीवर एका सकाळी त्याला गोळी लागली. तेव्हा अर्धा पट्टा आत होता आणि अर्धा बाबांच्या हातात.

"मग तुम्ही त्याच्या जागी बसला नाहीत?"

"बसलो असतो. मग पट्टा कोणी धरला असता?" ते म्हणाले. पट्ट्याची एक घडी सरळ करून म्हणाले, "मागे हटायचा हुकूम आला. गन तिथंच सोडली. त्यालेही."

मी त्यांचा मुलगा होतो आणि हे मला गोळ्यांच्या पट्ट्यापाशी, परदेशात, एका दुकानदाराच्या देखत कळत होतं. मला त्यांचा राग आला, आणि माझाही. दुकानदाराला मराठी कळत नव्हतं, पण तो टोपी नीट करत गाडीकडे निघून गेला. मी बाबांना पुन्हा एकदा म्हणालो, आता तरी तुम्ही बसा, पट्टा मी धरतो. त्यांनी मान हलवली. पट्टा धरायला शिकावं लागतं, म्हणाले. मागे बसायला कोणीही चालतो.

म्हणून मी ब्लँकेटवर बसलो आणि गनच्या दोन्ही मुठी धरल्या. बाबांनी पट्ट्याचं टोक आत सरकवलं, मी ते दुसऱ्या बाजूने ओढून घेतलं, आणि बाबा समोरच्या बांधाकडे पाहत पडून राहिले. हातावरचा पट्टा जराही हलत नव्हता. मग त्यांनी मान न वळवता मोठ्याने हाक मारली. नाव माझं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून आणखी मोठ्याने म्हणालो, "हो, आहे मी!" आणि खटका दाबला.