दारुड्यांचे फिटरमामा

फिटरमामांनी कधी कुणाला आडनाव विचारलं नाही. आमच्याकडे पाणी विचारायच्या आधी आडनाव विचारतात, आणि मी तर त्यात पटाईत. पण मामा म्हणायचे, "आडनाव चपलेबरोबर बाहेर ठेवा." ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पंचवटीतल्या एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत दर रविवारी आम्ही आठ-दहा दारुडे जमायचो, दारू सोडायला. मामा सातपूरला कारखान्यात फिटर. स्वतः एकेकाळचे अट्टल पिणारे, पण अकरा वर्षं थेंबाला शिवले नव्हते. पहिल्या दिवशी मी हायस्कुलात मास्तर असल्याचं पदवीसकट सांगितलं आणि वर म्हणालो, "मी तसा फारसा घेत नाही." कुणी हसलं नाही. मामा म्हणाले, "आलात, बरं झालं. बसा."

बसायला सतरंजी होती आणि हातांची एकच खुर्ची. ती त्यांनी मला दिली. मी मनात म्हटलं, चला, इथं शिक्षणाची कदर आहे! महिनाभर त्या खुर्चीतून मी सगळ्यांचं मराठी सुधारलं. मग एका रविवारी लासलगावच्या कांदा मार्केटातला एक हमाल आला. तोंडाला वास, पाय लटपटतायत. मामा मला म्हणाले, "मास्तर, उठा जरा. खुर्ची नव्या माणसाची असती. त्याला खाली बसवलं तर उठता यायचं नाय." म्हणजे महिनाभर मी लटपटता म्हणून खुर्चीत होतो! मला असा राग आला, की मी तिथून तडक गुत्ता गाठला.

पुढच्या रविवारी चोरासारखा परत गेलो. मामांनी हमालाला खुणेनं उठवलं आणि खुर्ची मला दिली. कुठं होता, का प्यायला, काही विचारलं नाही. हातात चहा दिला. दोन शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं हो. मी ढसाढसा रडलो. बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेलीय, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडलं. "पडलेल्याला पडला म्हणू नका," मामा मागाहून बाकीच्यांना म्हणाले. "त्याला ठाऊक हाय."

त्यानंतर माझी दारू सुटली. बायको-मुलगी परत आल्या आणि माझ्या अंगात पुन्हा मास्तर संचारला. मामांना दारू सोडून बारा वर्षं पुरी झाली तेव्हा मी हार आणला, अर्धा तास भाषण ठोकलं, त्यांना देवमाणूस केलं. मामा अवघडून गेले. हार काढत म्हणाले, "देव करू नका, मास्तर. देवाला चुकायची सोय नसती." मला वाटलं, केवढा हा विनय! त्या विनयावर मी आणखी दहा मिनिटं बोललो.

त्याच वर्षी मामी गेल्या आणि मामा प्यायले. तीन रविवार आले नाहीत. मी त्यांच्या चाळीत गेलो, तर बंद दाराआडूनच बोलले, "जावा मास्तर. तुमच्या देवानं शेण खाल्लं. आता कोणत्या तोंडानं येऊ?" मला काही न विचारता परत घेणाऱ्या माणसाची वाट मीच हार घालून बंद केली होती. माझ्या भाषणाला आग लागो!

चौथ्या रविवारी आम्ही सतरंजी उचलली आणि मामांच्या दारासमोर चाळीच्या ओट्यावर अंथरली. खुर्ची आणायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. भर दुपारी चाळ गोळा झाली, त्यात माझ्या वर्गातल्या दोन पोरींचे आईबाप. आजवर गिरणीकडे जाताना ऊन नसलं तरी मी तोंडासमोर छत्री धरायचो. आता उद्या शाळेत काय होईल, ते दिसतच होतं. उभा राहिलो, तर एरवी न थांबणाऱ्या जिभेला चारच वाक्यं सुचली. कसाबसा म्हणालो, "मी दारुडा आहे. चांगलाच आहे. आत आहेत त्यांनी मला सावरलं. त्यांच्यावाचून आम्हाला जमत नाही." आणि मटकन खाली बसलो.

बराच वेळ दार हललं नाही. माणसं कंटाळून पांगायला लागली. मग कडी वाजली. मामा बाहेर आले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. आमच्यातल्या कुणी काही विचारलं नाही. ते सतरंजीच्या कडेला माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"सरका जरा, मास्तर."

मी सरकलो.